दुसऱ्याचा बर्फ

सूनबाईची पेटी जिन्याशेजारच्या बोळात अशी आडवी ठेवलेली होती, की स्वयंपाकघरात जायचं तर ती ओलांडावीच लागे. सोमवारपासून घरातली सगळी माणसं ती ओलांडत होती आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. दादा डबकं ओलांडावं तसे विजारीचा पाय वर धरून पलीकडे जात. काल शहरातून आलेल्या धाकट्याने तिच्यावर बसून बूट काढले, "मजबूत आहे" एवढं म्हणाला आणि आत गेला. बाईंचा गुडघा तिच्यावर दोनदा आपटला आणि दोन्ही वेळा त्यांनी पेटीचीच माफी मागितली. जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला पायात येणाऱ्या गोष्टींवर रागावता येत नाही.

पेटीत कपडे थोडे होते. जास्त होती ती अवजारं. पाने, पकडी, दाब मोजायच्या गेजची डबी आणि अमोनियाच्या वासापासून बचाव करणारा मुखवटा. बायको माहेरी निघाली की साड्या नेते. ही पाने घेऊन निघाली होती, म्हणजे परत यायचा विचार नव्हता.

झालं होतं ते सरळ होतं. गेल्या रविवारी जेवताना सूनबाई म्हणाली होती, "बाबा, सरकारच्या भागीदारीत यंत्रघराचा जबाबदार माणूस म्हणून माझं नाव लागलं तर मी राहते. नाही लागलं तर येत्या रविवारच्या गाडीने मी जाते. नवरा शहरात आहे, नोकरीही तिकडे मिळतेय. तिथे यंत्राला हात लावायचा तर सासऱ्याला विचारावं लागत नाही."

त्यावर दादा म्हणाले होते, "या कारखान्यावर आजवर सुनेचं नाव लागलेलं नाही."

"आजवर कारखाना तरी कुठे चालू होता?" असं म्हणून तिने आमटी वाढून घेतली होती.

आणि आज गुरुवारी सरकारची समिती येणार होती.

बर्फाचा हा कारखाना तळ्याकाठी होता आणि घर त्याला चिकटून, इतकं की कॉम्प्रेसर चालू असला की स्वयंपाकघरातल्या बशा थरथरत. वडील गेले ते तिघांना सारखे वाटे देऊन गेले. थोरले दादा, मधल्या बाई आणि सगळ्यांत शेवटचा धाकटा, जो आता साठीला टेकला होता तरी धाकटाच होता. बाईंना घरात आणि गावात सगळेच बाई म्हणत; सख्खा थोरला भाऊसुद्धा. दादांना सरकारशी भागीदारी हवी होती. धाकट्याला जागा एका गोदामवाल्याला विकायची होती. आणि बाईंचा तिसरा वाटा मधोमध बसला होता. दोघेही आपापल्या वेळी एकेकटे गाठून त्यांना विचारून गेले होते, आणि बाईंनी दोघांनाही एकच उत्तर दिलं होतं: "बघू." वर्गात मुलांनी उद्या सुट्टी का म्हणून विचारलं की त्या हेच म्हणत. मुलं हो समजत, हेडमास्तर नाही समजत, आणि घंटा होईपर्यंत शांतता राही.

या गावाकडे सरकारचं लक्ष नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. लक्ष होतं, पण ते कोनशिलेपर्यंत. मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्याची कोनशिला होती, प्रशिक्षण केंद्राची होती, पुलाची तर दोन्ही काठांना होती. फक्त मधला पूल राहिला होता. एका कोनशिलेवर बसथांब्याचं बाकडं टेकवलेलं होतं आणि एकीवर न्हावी वस्तरा घासत असे. त्यामुळे या वेळी सरकार दगड न आणता नुसतं बघायला येतंय, हे ऐकून गाव थोडं गोंधळलं होतं. योजना अशी होती: सरकार नवी यंत्रं देणार, घराने जागा आणि अनुभव द्यायचा, मासेमारांच्या संस्थेने बर्फ आणि शीतगृह वापरायचं, आणि नफा-तोटा तिघांनी वाटून घ्यायचा. कागदावर हे इतकं साधं दिसत होतं, की दादांना त्यात काहीतरी गोम आहे अशी खात्री होती.

"गोम काही नाही," धाकटा सकाळी चहाचा कप फिरवत म्हणाला. "तू योजनेचं नाव वाच. मागास भागाचं पुनरुज्जीवन. मागास, दादा. आणि तू कॉम्प्रेसरला हिरवा रंग काय देतोस? अरे, रडायचं असतं अशा वेळी. छत गळतंय ते दाखव."

"छत गळत नाही."

"दोन पत्रे सैल करता येतील."

"सरकार भीक घालायला येत नाहीये," दादा म्हणाले. "भागीदारी करायला येतंय. भिकाऱ्याशी कोण भागीदारी करतो?"

"आणि खात्यापित्या घरचं पुनरुज्जीवन कोण करतो?"

बाई पावाला लोणी लावत ऐकत होत्या. धाकट्याचा कळवळा त्या ओळखून होत्या. लहानपणी दादांचा पतंग कटावा म्हणून हा त्यांना "अजून ढील दे, अजून ढील दे" असं प्रेमाने सांगत असे. समितीने पडका कारखाना बघावा, नाक मुरडून निघून जावं आणि मग गोदामवाल्याचा रस्ता मोकळा व्हावा, एवढं साधं गणित होतं. पण दादांचंही काही शहाणपणाचं चाललं नव्हतं. त्यांनी समितीसाठी कार्यालयात नव्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहाटे धाकट्याने त्या उचलून अडगळीतल्या मोडक्या खुर्च्या आणून ठेवल्या. दादांनी पुन्हा नव्या आणल्या. आता तिथे दोन नव्या, दोन मोडक्या आणि एक तीन पायांची अशी सर्वपक्षीय बैठक मांडलेली होती.

सूनबाई हाताचं ग्रीस पुसत आत आली, उभ्याउभ्याच चहा प्यायली.

"दोघांचंही बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढच्या दाराने श्रीमंती दाखवा, मागच्या दाराने दारिद्र्य. मध्ये यंत्रघर आहे, तिथे कुणी काही दाखवायला येऊ नका. मला लाद्या काढायच्यात."

"किती निघतील?" दादांनी छताकडे बघत विचारलं. पेटी बोळात आल्यापासून ते सुनेशी छताच्या मार्फत बोलत.

"गोठवायच्या डब्यांची एकच ओळ चालू आहे, बाबा. त्यात जेवढे डबे तेवढ्या लाद्या. मी काही जादूगार नाही."

"बर्फखाना रिकामा दिसेल."

"रिकामाच आहे तो. वीस वर्षं रिकामा आहे, मी नाही केला रिकामा."

ती पेटी ओलांडून गेली. दादांनी कप खाली ठेवला आणि एकाएकी त्यांना मागच्या फाटकाशी काहीतरी काम आठवलं.

बाईंना मूल खोटं बोलायला निघालं की पाठीवरून कळत असे. त्यांनी चपला घातल्या.

मागच्या फाटकाशी एक ट्रक उभा होता आणि त्याच्या खालून पाण्याची धार लागली होती. गोणपाटाखालून लाद्या उतरवल्या जात होत्या. दादा कुजबुजत्या आवाजात हमालांवर ओरडत होते, जे फक्त त्यांनाच जमे.

"दादा, हे काय?"

"बर्फ."

"ते मला दिसतंय. कोणाचा?"

दादांनी ट्रककडे पाठ केली. "पलीकडचा."

पलीकडचा म्हणजे तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या वळणावर ज्याचा कारखाना होता तो. वडील हयात असताना या घरात त्याच्या मालाला कुणी बर्फ म्हणालं नव्हतं. वडील त्याला साबण म्हणत.

"तू साबण विकत आणलास?"

"हळू बोल, बाई. आजच्या पुरता आहे. बर्फखाना भरलेला दिसला पाहिजे. त्यांना काय कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ गळतेय, दादा," बाई म्हणाल्या आणि पायाखालचं पाणी टाळून बाजूला झाल्या.

इथे बर्फाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठताना ते स्वतः स्वच्छ होतं आणि आपल्यातली हवा, क्षार, कचरा मधल्या पाण्यात ढकलत नेतं. वर्गातली दंगेखोर मुलं जशी ढकलत ढकलत शेवटच्या बाकावर जमतात तशी. शेवटी मधला भागही गोठला की लादीच्या पोटात पांढरा गाभा तयार होतो. तो होऊ द्यायचा नसेल तर डब्यात बारीक नळीने हवा सोडून पाणी सारखं हलतं ठेवावं लागतं, आणि गाभा गोठायच्या जरा आधी ते मधलं घाण पाणी शोषून काढून तिथे ताजं भरावं लागतं. लवकर काढलं तर मेहनत फुकट. उशीर झाला तर नळीच आत गोठून बसते. ती वेळ घड्याळात दिसत नाही. डब्याला हात लावून कळते, कळली तर.

वडिलांची परीक्षा सोपी होती. बर्फखान्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली होती: "येथे थुंकू नये". लादी त्या पाटीसमोर उभी करायची आणि घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला पलीकडून वाचायला लावायचं. मुलाने वाचलं तर लादी पास. बाई वाचायला शिकल्या त्या अशा, गारठलेल्या नाकाने, लादीच्या आरपार. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं वाचलेलं वाक्य "येथे थुंकू नये" हे होतं, आणि शिक्षणाची सुरुवात याहून वाईट होऊ शकते असं त्या मानत.

"सूनबाईला सांगितलंस का हे?" त्यांनी विचारलं.

"सांगायची गरज नाही," सूनबाई मागून म्हणाली. ती यंत्रघराच्या दारात उभी होती. तिने ट्रककडे बघितलं, लाद्यांकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "बाबा, तुम्ही लग्नात पाहुण्यांचे दागिने घालून मिरवणार असाल तर हरकत नाही. फक्त माझे आणि त्यांचे एकत्र करू नका. माझ्या लाद्या उजव्या भिंतीला राहतील."

"सगळा बर्फ सारखाच असतो," दादा म्हणाले, आणि असं वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडल्याचं ऐकून स्वतःच दचकले.

समिती म्हणजे दोन माणसं निघाली. एक मॅडम, ज्यांचे बूट त्यांच्या पदाच्या मानाने फार चिखलाचे होते, आणि एक टिपणवाला, ज्याने आल्याआल्या कार्यालयातल्या खुर्च्यांवर नजर टाकून सगळ्यांत चांगली निवडली. ती मोडकीच होती; नेमकी तीच दादांनी वरून रंगवली होती. खुर्ची जागीच बसली आणि टिपणवाला तिच्यासकट.

"बसायचं राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "बसून बर्फ दिसत नाही."

यंत्रघरात त्यांनी हिरव्या रंगाला बोट लावलं. बोट हिरवं झालं. दादा खाकरले. धाकट्याने लगेच तोंड घातलं, "जुनं आहे हो सगळं. आमचंच नाही, सगळ्या भागाचंच असं. रस्ता बघितलात ना? तरुण पोरं शिल्लक नाहीत. तळं आटत चाललंय."

"तळं आटत नाहीये," सूनबाई कॉम्प्रेसरमागून म्हणाली. "काका वर्षातून एकदा येतात, ते उन्हाळ्यात येतात."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "आपण?"

"ही आमची सून," दादांनी घाईने सांगितलं. "हौस आहे तिला."

बाईंनी सूनबाईकडे बघितलं.  हातातला फडका तिने इतका पिळला की त्यातून ग्रीस निघालं.

मग सगळे बर्फखान्यात गेले. दादांची चाल एकदम रुंद झाली. छातीएवढ्या रांगा धुक्यात उभ्या होत्या. डावीकडे आणि समोर पलीकडच्याच्या लाद्या. उजव्या भिंतीला सूनबाईच्या, मोजक्या, एकमेकींपासून अंतर ठेवून उभ्या, जणू त्यांनाही शेजार पसंत नव्हता.

"तीन पिढ्यांचं काम आहे," दादा म्हणाले. "सरकारने हात दिला तर तळ्यावरचा एक मासा वाया जाणार नाही."

मॅडमनी विजेरी काढली. उजवीकडच्या एका लादीसमोर वाकल्या, पलीकडच्या भिंतीवर उजेड टाकला आणि मोठ्याने वाचलं, "येथे थुंकू नये." त्या पहिल्यांदाच हसल्या. "छान. काचेसारखा आहे."

मग त्या डावीकडे आल्या. तिथल्या लादीतून तीच पाटी बघितली. बाजू बदलून बघितली. "येथे थुंकू…" त्या थांबल्या. "पुढचं दिसत नाही. हा तर थुंकायला परवानगी देतोय."

टिपणवाला हसला आणि मग हसणं कामात मोडतं का अशा चिंतेत पडला.

"एकाच कारखान्यात दोन तऱ्हेचा बर्फ कसा?" मॅडमनी विचारलं.

उत्तर सोपं होतं. जुना माल आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दादांनी तोंड उघडलंही. "तो… जरा आधीचा… आमच्या…" आणि तिथे गाडी अडली. "आमचा" हा शब्द घशात आडवा झाला. धाकट्याच्या दृष्टीने तर दिवस सोन्याचा होता. त्याने फक्त गप्प राहायचं होतं. इतकी वर्षं तो गप्प न राहून काही मिळवू शकला नव्हता. आज गप्प राहिला असता तर गोदाम त्याच्या खिशात होतं.

मॅडम टिपणवाल्याकडे वळल्या. "लिहा. दर्जा असमान. बहुतेक माल पांढऱ्या गाभ्याचा. मालकांना गाभा काढण्याचं तंत्र…"

"तो आमचा नाही," दादा म्हणाले.

"तो आमचा नाही," धाकटा म्हणाला.

आणि बाईंच्या कानावर तिसरा आवाज पडला, तो त्यांचा स्वतःचा होता.

वर्षभरात या तिघांचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं. वडिलांच्या तसबिरीला कुठली भिंत, यावरही नाही.

"याला बर्फ म्हणतात?" धाकटा पुढे झाला, त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, आमच्या वडिलांनी हा कुत्र्याच्या अंगावर ठेवला नसता. हा साबण आहे साबण. त्या माणसाला नळी कशाशी खातात ते ठाऊक नाही. डबा भरतो, झोपतो, सकाळी उठून उपटतो."

"हवाच सोडत नाही तो," दादा म्हणाले. "हे बघा, हे बुडबुडे. ही लाज आहे, लाज."

दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पलीकडच्याच्या लादीची अशी चिरफाड करत होते, की बाईंना एक क्षण दोघांच्या अर्ध्या चड्ड्या दिसल्या. मग मॅडमनी शांतपणे विचारलं, "आमचा नाही, मग इथे काय करतोय?" आणि दोघांना कळलं की आपण कुठे येऊन पोहोचलो आहोत.

बर्फखान्यात पाणी टिपकत होतं. 

"विकत आणला," दादा म्हणाले.

"कशाला?"

"तुम्हाला दाखवायला."

"म्हणजे सरकारला फसवायला."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना आता बोलणं भाग होतं. रडवेल्या मुलाला फळ्याजवळ एकटं उभं ठेवायचं नसतं. "पण आम्हाला जमलं नाही, तेही लिहून घ्या."

मॅडमनी विजेरी बंद केली. "दोन्ही लिहिलं जाईल." मग जरा थांबून दादांना म्हणाल्या, "ट्रक भरला तेव्हा किती होता?"

"याच्या दुप्पट."

"आणि बाकीचा?"

"रस्ता प्यायला."

"मासेमार रोज बर्फ कुठून आणतात?"

"तिथूनच," धाकटा म्हणाला. तळं आटतंय म्हणणारा तो हाच, हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. "दुसरा आहे कुठे? अर्धा बर्फ वाटेत जातो, मग अर्धी मासळी तळ्यावरच सडते. तो साबणवाला सांगेल तो भाव. आमचा चालू होता तेव्हा इथून तीन गावांना…" तो थबकला. आपण आपल्याच गोदामाच्या भिंती पाडतो आहोत हे त्याला उशिरा कळलं, पण भिंती जुन्या नव्हत्या, पटकन पडल्या.

"माझ्याकडे या भागाच्या गरजेचा अहवाल आहे," मॅडम म्हणाल्या. "जाडजूड आहे. त्यात नकाशे आहेत, आलेख आहेत, फक्त गरज कुठली ते सापडत नाही. ट्रक अजून फाटकात आहे ना? मला त्याखालचं पाणी दाखवा. पण आधी हे सांगा, हा काचेचा बर्फ कोणाच्या हातचा?"

"आमच्या घराण्याचा हात…" दादांनी सुरुवात केली.

"घराण्याला हात किती असतात?"

बाईंनी दारात बघितलं. सूनबाई तिथे उभी होती, हात बांधून. ती मदत करणार नव्हती. बाईही गप्प राहिल्या. ज्या मुलाला उत्तर येत असतं, त्याला उत्तर सांगायचं नसतं, थांबायचं असतं. उत्तर ओठांवर यायच्या आधी मूल पाय हलवतं. दादांनी डावा पाय हलवला, मग उजवा.

"सूनबाईचा," ते म्हणाले. पहिल्यांदाच छताकडे न बघता. "मला असा कधी जमला नाही. माझ्या लादीत पांढरी रेघ राहायचीच. वडील मला पास करायचे ते थोरला म्हणून."

"एक रेघ नाही बाबा," सूनबाई म्हणाली. "तुमच्या लादीच्या जुन्या फोटोत दोन आहेत."

"मग करारात यंत्रघराचा जबाबदार माणूस म्हणून यांचं नाव," मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षं इथे राहावं लागेल, आणि तुम्हा तिघांचीही संमती लागेल."

दादांचा चेहरा पुन्हा थोरला झाला. "काम ती करेल," ते म्हणाले. "ते मी आत्ताच मान्य केलं. नाव माझं राहू द्या. बाहेर तेच चालतं."

कुणाला हे वावगं वाटलं नसतं. टिपणवाल्याने तर लिहायला घेतलं. सूनबाईने बांधलेले हात सोडले आणि घराकडे वळली. तिची पाठ बाईंना नीट वाचता आली.

"मग माझी सही नाही," बाई म्हणाल्या.

धाकट्याने मान वर केली. दादा त्यांच्याकडे वळले. "म्हणजे तू याच्या बाजूने? विकायचं म्हणतेस?"

"मी दोघांनाही बघू म्हणत होते. आता बघितलं." बाईंचा आवाज वर्गातला होता, म्हणजे चढलेला नव्हता. "दादा, दुसऱ्याचा वाईट बर्फ आपला म्हणून दाखवायचं आज तुझ्या जिवावर आलं. सरकार हातचं जाईल हे दिसत असून आलं. मला अभिमान वाटला. आणि आता दुसऱ्याचा चांगला बर्फ आपला म्हणून दाखवतोस, तेव्हा घशात काहीच अडत नाही?"

"दुसऱ्याचा कुठला? ती घरचीच आहे."

"घरच्या मुलाने गणित सोडवलं तर बरोबरची खूण त्याच्याच पाटीवर करायची असते. शेजारी बसलेल्याच्या नाही. मग शेजारचा कितीही थोरला असो."

दादांनी धाकट्याकडे बघितलं. संकटात सापडलेला माणूस कुणाकडेही बघतो. धाकटा पलीकडच्याच्या लादीवर नखाने रेघ ओढत होता.

"माझ्याकडे काय बघतोस?" तो म्हणाला. "मी विकायचं म्हणत होतो, ते बंद पडलंय म्हणून. या साबणवाल्याला मोकळं रान द्यायला नव्हे. तिचं नाव असेल तर माझी सही घ्या. तुझं असेल तर पुन्हा रेघा येणार." मग त्याला व्यवहार आठवला. "गोदामवाल्याला मात्र बाई सांगेल."

"बघू," बाई म्हणाल्या.

दादा उजव्या भिंतीशी गेले. सूनबाईच्या लादीवर त्यांनी तळहात ठेवला, ताप बघावा तसा, आणि तसाच राहू दिला. बर्फावर इतका वेळ हात ठेवला तर दुखतं. ते या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

"लिहा," ते टिपणवाल्याला म्हणाले. "सूनबाईचं लिहा. आणि त्या डाव्या लाद्या आमच्या म्हणून कुठे नोंदवल्या असतील तर खोडा. आधी ते खोडा."

मॅडमनी कसलाही शब्द दिला नाही. फसवणुकीची नोंद जाईल, ट्रकचीही जाईल, वर बसलेले कुठली आधी वाचतील ते आपल्या हातात नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पण मी कोनशिला घेऊन आले नाहीये," त्या जाताना म्हणाल्या, "आणि रिकाम्या हातानेही चालले नाहीये." मग फाटकाशी जाऊन त्यांनी ट्रकखालच्या डबक्याचा फोटो काढला. गावात सरकारने फोटो काढलेली ती पहिलीच खरी गोष्ट असावी.

यंत्रघरात कॉम्प्रेसरने सूर बदलला. टकटक मध्येच खडखड झाली. सूनबाई धावली, एका हाताने झडप धरली, दुसरा हात मागे केला, आणि तो हात रिकामाच राहिला. भिंतीवरचे अवजारांचे खिळे मोकळे होते.

"मोठा पाना," ती म्हणाली. "बाबा, मोठा पाना पेटीत आहे. जरा पळा."

दादा पळाले. सत्तरी उलटलेला माणूस जितका पळतो तितके. घर चिकटूनच होतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं: दार, बोळ, चार पावलं, मग लाकडावर हाड आपटल्याचा दणदणीत आवाज, आणि त्यामागून दादांचा, सोमवारपासून साठलेला.

"ही पेटी कोणी ठेवली वाटेत? माणसाला चालायची सोय नाही या घरात."

सूनबाईने झडपेवरचा हात सोडला नाही.

"पाने काढून घ्या, बाबा," तिने ओरडून सांगितलं, "आणि रिकामी ढकला जिन्याखाली."